सर थॉमस लुईस : वेदनेचा माग काढणारे डॉक्टर

दिवसभर उन्हात राबून पाठ पोळली म्हणजे रात्री काय होते, हे आपल्या बेटावर कोणाला सांगायला नको. सकाळी अंगावर असून नसल्यासारखा वाटणारा सदरा रात्री काट्यांचा होतो. अंघोळीचे कोमट पाणी चटका देते. कोणी मायेने पाठीवर हात ठेवला तरी आपण कळवळतो. सदरा तोच, पाणी तेच, हातही तोच. मग बदलले काय? आपल्या भाषेत या अवस्थेला एक नेमका शब्द आहे. कातडी हुळहुळी झाली, असे आपल्या आज्या म्हणत. शब्द आपल्याजवळ होता, पण कातडी हुळहुळी का होते याचे उत्तर मात्र नव्हते.

हे उत्तर शोधण्यासाठी ज्यांनी स्वतःचा हात प्रयोगासाठी पुढे केला, अशा एका डॉक्टरांची ओळख आज आम्ही करून देणार आहोत. त्यांचे नाव सर थॉमस लुईस. वैद्यकाच्या इतिहासात हृदयाचे डॉक्टर म्हणून त्यांची कीर्ती फार मोठी आहे. परंतु आयुष्याची शेवटची वीस वर्षे त्यांनी कातडी आणि वेदना यांच्या अभ्यासात घालवली, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांचे काही निष्कर्ष आजही टिकून आहेत आणि एक मोठा निष्कर्ष चुकीचा ठरला. दोन्हींपासून शिकण्यासारखे आहे.

बालपण आणि शिक्षण

थॉमस लुईस यांचा जन्म २६ डिसेंबर १८८१ रोजी वेल्समधील कार्डिफ येथे झाला. वडील खाणींचे इंजिनियर होते. मुलाची प्रकृती नाजूक होती. त्याला शाळेत घातले, पण आजारपणामुळे शाळा लवकरच सोडावी लागली. त्यामुळे त्याचे बहुतेक शिक्षण घरीच आणि तेही आईच्या हाताखाली झाले. शेवटची दोन वर्षे घरी शिकवणीला शिक्षक ठेवले होते. आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळे हे वाचून आम्हाला थोडी गंमत वाटली. जगाला हृदय शिकवणारा माणूस शाळेच्या बाकावर फारसा बसलाच नव्हता!

घरी येणाऱ्या डॉक्टरांविषयी त्या मुलाला मोठा आदर होता, आणि आपणही डॉक्टर व्हायचे हे त्याने लहानपणीच ठरवले. सोळाव्या वर्षी तो कार्डिफच्या कॉलेजात दाखल झाला आणि पहिल्या वर्गात पदवी मिळवून बाहेर पडला. १९०२ साली तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात आला आणि १९०५ साली सुवर्णपदकासह डॉक्टर झाला. पुढचे सारे आयुष्य लुईस यांनी त्याच हॉस्पिटलाशी बांधून घेतले.

हृदयाचा डॉक्टर

त्या काळी हॉलंडमधील आइन्थोव्हेन नावाच्या शास्त्रज्ञाने हृदयातील सूक्ष्म विजेची नोंद करणारे यंत्र तयार केले होते. आज ज्याला आपण ईसीजी म्हणतो, त्याचा हा पूर्वज. यंत्र अवजड होते, आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. हे यंत्र शास्त्रज्ञांच्या खोलीतून रोग्याच्या खाटेपर्यंत आणण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत लुईस अग्रणी होते. काही रोग्यांची नाडी अगदी बेताल चालते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची नुसती थरथर होत राहिल्यामुळे ती तशी चालते, हे त्यांनी १९०९ च्या सुमारास दाखवले. त्याच वर्षी त्यांनी जेम्स मॅकेन्झी यांच्यासह हृदयविकाराला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. जगभरचे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. अमेरिकेचे पुढे नामवंत झालेले हृदयतज्ज्ञ पॉल व्हाइट हे त्यांपैकीच एक.

पहिल्या महायुद्धात त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न आला. हजारो सैनिक छातीत दुखणे, धाप, धडधड आणि थकवा घेऊन आघाडीवरून परत येत होते. तपासावे तर अनेकांच्या हृदयात काही दोष सापडत नसे. अशा माणसाला एक तर हृदयरोगी म्हणून कायमचे अंथरुणावर टाकायचे, नाही तर कामचुकार म्हणून हिणवायचे, असे दोनच मार्ग दिसत होते. लुईस यांनी तिसरा मार्ग धरला. सैनिकाची तक्रार खरी मानायची, पण तिचे कारण तपासून पाहायचे. त्यांनी अशा सैनिकांना पायरीपायरीने वाढत जाणारा व्यायाम दिला आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा कामाला लागले. १९१८ साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि १९२१ साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

येथे दुसरा कोणी असता तर मिळालेल्या कीर्तीवर स्वस्थ बसला असता. लुईस यांनी मात्र हृदयाचा अभ्यास बाजूला ठेवला आणि कातडीकडे मोर्चा वळवला.

वळ कसा उठतो?

वळ म्हणजे काय हे आपल्या पिढीतील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. हातावर छडी बसली की वळ उठतो. ती छडी आता गेली हे उत्तमच झाले. पण शेकडो वर्षे जगभरच्या शाळांतून वळ उठत होते आणि ते का उठतात हे कोणी नीट विचारले नव्हते. लुईस यांनी विचारले.

त्यांची पद्धत अगदी साधी होती. पट्टीची बोथट कडा हाताच्या कातडीवरून जोर देऊन ओढायची आणि घड्याळ लावून पाहत बसायचे. आधी, काही सेकंदांतच, पट्टी जेथून गेली तेथे लाल रेघ उमटते. मग त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, जेथे पट्टी लागलीही नव्हती तेथे, लाली पसरते. शेवटी, मिनिटा-दोन मिनिटांनी, रेघेची जागा फुगून वर येते. रेघ, लाली आणि सूज अशा या तीन पायऱ्या होत. वैद्यकाच्या पुस्तकांत आजही हा तिहेरी प्रतिसाद लुईस यांच्या नावाने ओळखला जातो. वाचकांनी हा प्रयोग स्वतःवर हलक्या हाताने करून पाहायला हरकत नाही. सगळ्यांनाच सूज येते असे नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, पण बोटाने चाचपले तर ती जागा ऊन लागते.

आता खरा प्रश्न पुढेच आहे. जेथे पट्टी लागली नाही तेथे लाली कशी गेली? लुईस यांनी ज्यांच्या कातडीचा ज्ञानतंतू तुटला होता असे रोगी तपासले. तंतू नुकताच तुटला असेल तर लाली पूर्वीसारखीच पसरत होती. म्हणजे हा निरोप मेंदूकडे जाऊन परत येत नव्हता. परंतु तंतू तुटून बरेच दिवस गेले, त्याची टोके मरून गेली, की लाली नाहीशी होई. रेघ उमटे, सूज येई, पण लाली मात्र पसरत नसे.

याचा अर्थ काय? वेदनेचा तंतू कातडीत शिरल्यावर झाडाच्या मुळासारखा फुटतो. एका फाट्याला इजा झाली की निरोप वर जातो, हे तर खरेच. पण वाटेत जेथे फाटा फुटतो तेथे तो वळतो आणि दुसऱ्या फाट्याने पुन्हा खाली कातडीत उतरतो. तेथे तो रक्तवाहिन्या रुंद करतो, म्हणून लाली. आपण समजतो की वेदनेचा तंतू म्हणजे फक्त बातमी पोहोचवणारा टपालवाला. प्रत्यक्षात हा टपालवाला बातमी तर नेतोच, शिवाय आळीभर हाकाटीही करतो.

या वाटेची कल्पना लुईस यांच्या आधीच्या शास्त्रज्ञांनीही मांडली होती. माणसाच्या कातडीवर तिचा पक्का पुरावा जमवण्याचे श्रेय लुईस यांच्याकडे जाते. दुखावलेल्या कातडीतून एखादे रसायन सुटत असावे, असेही त्यांनी ओळखले. हिस्टामिन नावाचे द्रव्य कातडीत टोचले तर हेच तीन प्रकार दिसतात, म्हणून ते रसायन हिस्टामिनसारखे असावे असा त्यांचा तर्क होता. हे सारे संशोधन त्यांनी १९२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

स्वतःच्या छातीतील कळ

याच सुमारास, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. हृदयाचे सर्वात मोठे जाणकार स्वतःच हृदयाचे रोगी झाले. दिवसाला सत्तर सिगारेटी ओढण्याची त्यांची सवय होती. ती त्यांनी त्या दिवसापासून सोडली. धूम्रपानाने रक्तवाहिन्या बिघडतात हे ज्यांनी सर्वांत आधी ओळखले, त्यांत लुईस यांची गणना होते. सिगारेटीच्या पाकिटावर इशारा छापला जाण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

त्यानंतर त्यांनी हाती घेतलेला प्रश्न पाहिला म्हणजे मन थबकते. हृदयाला रक्त कमी पडले की छातीत कळ का येते? १९३१ साली लुईस, त्यांचे सहकारी पिकरिंग आणि रॉथशिल्ड यांनी हा प्रश्न हातावर सोडवायला घेतला. रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात तसा पट्टा आवळून हाताचा रक्तपुरवठा बंद करायचा आणि त्या हाताने ठरावीक तालात मूठ आवळत राहायचे. थोड्याच वेळात हात दुखू लागतो आणि लवकरच ते दुखणे असह्य होते. मूठ आवळणे थांबवले तरी, जोवर पट्टा आवळलेला आहे तोवर दुखणे तसेच राहते. पट्टा सोडला, ताजे रक्त आत आले, की काही सेकंदांत दुखणे नाहीसे होते.

स्नायूच्या हालचालीने कळ येत असती तर हालचाल थांबताच ती गेली असती. तशी ती जात नाही. म्हणजे काम करणाऱ्या स्नायूतून कोणते तरी द्रव्य बाहेर पडते, ते साचून राहते आणि तंतूंना डिवचते. रक्त आले की ते धुऊन जाते. लुईस यांनी त्या अज्ञात द्रव्याला नुसते पी हे अक्षर दिले. चालताना पोटऱ्यांत येणारी कळ आणि हृदयरोग्याच्या छातीतील कळ या दोन्हींचा उलगडा त्यातून झाला. ते द्रव्य एकच नसून आम्ल, एटीपी आणि इतर अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे, आणि आम्ल ओळखणारी खास प्रथिने हृदयाच्या तंतूंवर असतात, हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळले.

हुळहुळेपणाचा शोध

आता आपण आपल्या पोळलेल्या पाठीकडे वळू. १९३० नंतरच्या दशकात लुईस यांनी हुळहुळ्या कातडीचा पद्धतशीर अभ्यास केला. कातडीची चिमूटभर घडी चिमट्यात दाबायची, किंवा कातडीतील तंतूला विजेचे हलके झटके द्यायचे, आणि मग टाचणीने आजूबाजूची कातडी टोचून पाहत जायचे. जखम एवढीशी असे, पण काही मिनिटांत तिच्याभोवती कितीतरी मोठा भाग हुळहुळा होई आणि कित्येक तास तसाच राही. टाचणीची जी टोच एरवी जेमतेम जाणवली असती, ती तेथे तीव्र आणि रेंगाळणारी लागे. जखम आणि तो भाग यांच्या मधल्या कातडीत बधिर करण्याचे औषध टोचले की हुळहुळेपणा पलीकडे पसरत नसे. म्हणजे येथेही निरोप तंतूंतूनच जात होता.

भाजलेल्या कातडीविषयी त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. चांगल्या कातडीला जी ऊब सुखाची वाटते, तीच ऊब अशा कातडीला दुखवते, आणि गार केले की आराम पडतो. काही रोग्यांचे हातपाय सतत लाल होऊन आगीत धरल्यासारखे जळतात. त्यांच्याही बाबतीत हाच नियम त्यांना दिसला.

१९३७ साली पोचिन यांच्यासह त्यांनी वेदनेच्या दोन लाटांचा अभ्यास केला. पायाचे बोट उंबऱ्याला आपटले की आधी झटक्यासरशी एक कळ येते आणि क्षणभराने दुसरी, ठसठसणारी आणि रेंगाळणारी कळ येते, हा अनुभव सर्वांचा आहे. पहिली कळ वेगवान तंतूंतून येते आणि दुसरी सेकंदाला सुमारे एक मीटर चालणाऱ्या अतिशय बारीक तंतूंतून. हात बराच वेळ आवळून ठेवला की आधी वेगवान तंतू थकतात आणि फक्त दुसरी कळ उरते. पुढे हुळहुळेपणाच्या गोष्टीतील मुख्य पात्र हेच बारीक, मंद तंतू ठरले.

यानंतर लुईस यांनी एक धाडसी कल्पना मांडली. नेहमीच्या संवेदनांच्या तंतूंशिवाय कातडीत तंतूंची आणखी एक स्वतंत्र यंत्रणा असावी, तिचे काम कातडीचे रक्षण करणे असावे आणि ती कातडीत रसायन सोडून हुळहुळेपणा पसरवीत असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

चूक कोठे झाली?

अशी स्वतंत्र यंत्रणा कोणालाही सापडली नाही. १९५० साली अमेरिकेतील हार्डी, वुल्फ आणि गुडेल या संशोधकांनी दाखवले की जखमेच्या दूरवर पसरणाऱ्या हुळहुळेपणाचे मूळ बहुतांशी कातडीत नसून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत आहे. तेथील पेशी वेदनेच्या माऱ्याने जाग्या होतात आणि मग साध्या स्पर्शाची बातमीही वेदना म्हणून पुढे पाठवतात. क्लिफर्ड वुल्फ यांच्या १९८३ च्या प्रयोगांनी मज्जारज्जूतील हा बदल स्पष्ट दाखवला, आणि १९९१ साली लामोट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिरचीतील तिखट द्रव्य माणसाच्या कातडीत टोचून त्याला दुजोरा दिला.

मग लुईस हरले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. दूरचा हुळहुळेपणा मज्जारज्जूचा असतो, पण खुद्द जखमेच्या जागचा हुळहुळेपणा कातडीतच, तंतूंच्या टोकांवर, रसायनांनी घडतो. आणि तंतू बाहेरच्या बाजूला रसायन सोडतात, हे लुईस यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. फक्त ते काम कोणत्या वेगळ्या यंत्रणेचे नसून वेदना नेणाऱ्या त्याच बारीक तंतूंचे आहे.

तंतूच्या टोकावर काय घडते?

आज आपल्याला जे ठाऊक आहे ते थोडक्यात सांगतो. कातडी भाजली किंवा कापली की फुटलेल्या पेशींतून आणि रक्तातून अनेक द्रव्ये सांडतात. ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लॅन्डिन, आम्ल आणि तंतूंची वाढ करणारे एनजीएफ नावाचे प्रथिन ही त्यांपैकी काही. यांतील शेवटच्या द्रव्याच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बारीक तंतूच्या टोकावर प्रथिनांच्या लहान लहान झडपा असतात. त्यांतली एक उष्णतेची झडप होय. ती १९९७ साली डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडली, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा मोठा वाटा होता. ही झडप साधारण ४३ अंश सेल्सिअसला उघडते, म्हणजे एरवी कोमट पाण्याने उघडत नाही. मिरचीच्या तिखटाने मात्र तीच झडप उघडते. म्हणून तर तिखट लागले की जीभ भाजली असे आपण म्हणतो. मिरच्या वाटून झाल्यावर हाताला साधे ऊन पाणी का सोसत नाही, याचेही कारण हेच.

जखमेतील द्रव्ये तंतूच्या टोकाला चिकटली की आत निरोपांची साखळी सुरू होते. एक रेणू दुसऱ्याला जागे करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी काही विकरे त्या झडपेवर फॉस्फेटचा छोटासा अंश नेऊन डकवतात. एवढ्याने झडप ढिली होते. ४३ अंशांची वाट न पाहता ती शरीराच्या नेहमीच्या ३७ अंशांच्या आसपासही उघडू लागते. म्हणजे आपल्याच रक्ताची ऊब आपल्याला जाळू लागते. जखमेतील ठणका आणि गार पाण्याने वाटणारा आराम, दोन्हींचे मर्म येथे आहे. त्याचबरोबर सोडियमच्या झडपाही लवकर उघडू लागतात, त्यामुळे थोड्याशा धक्क्यानेही तंतू पेटतो. एनजीएफ तर तंतूतून मज्जारज्जूजवळच्या मूळ पेशीपर्यंत प्रवास करते आणि अशा झडपा अधिक बनवायला लावते. म्हणून काही हुळहुळेपणा तासांत न जाता दिवसेंदिवस टिकतो.

तंतू कातडीत जे रसायन सोडतात, त्यांतले एक म्हणजे सबस्टन्स पी. ऑइलर आणि गॅडम यांनी ते १९३१ साली शोधले. दुसरे सीजीआरपी. लुईस यांनी पाहिलेली लाली मुख्यतः याच दुसऱ्या द्रव्याची. अर्धशिशीच्या दुखण्यात हे द्रव्य महत्त्वाचे आहे असे कळल्यावर त्याला अडवणारी औषधे निघाली, आणि २०१८ पासून ती वापरात आली. औषध काम करते की नाही हे पाहण्यासाठी संशोधकांनी काय केले? माणसाच्या हाताला मिरचीचे द्रव्य लावले आणि पसरणारी लाली औषधाने कमी होते का ते मोजले. लुईस यांची जुनी लाली अशी नव्या औषधाची कसोटी ठरली.

ज्यांचे हातपाय आगीसारखे जळतात, त्या रोग्यांचेही कोडे पुढे सुटू लागले. काही कुटुंबांत हा रोग वंशपरंपरेने येतो. अशा रोग्यांच्या वेदनातंतूंतील सोडियमच्या एका झडपेत जन्मजात दोष असतो, हे २००४ साली कळले. तिच्याच बहिणीसारखी असलेली दुसरी झडप बंद करणारे, अफूच्या जातीचे नसलेले एक वेदनाशामक अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्य झाले.

ॲस्पिरीनचे मर्मही येथेच आहे. ते प्रोस्टाग्लॅन्डिन बनू देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. म्हणून ॲस्पिरीन घेतल्यावर नवी टाचणी टोचली तर ती टोचतेच, पण सुजलेल्या जागेचा ठणका कमी होतो. वाढलेली वेदना तेवढी ते काढून घेते. याउलट एनजीएफला अडवणाऱ्या औषधाची कथा आपल्याला सावध करते. त्याने संधिवाताच्या रोग्यांना आराम पडला, परंतु काहींचे सांधे झपाट्याने झिजू लागले, आणि २०२१ साली तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. हुळहुळेपणा हा शरीराचा पहारेकरी आहे. भाजलेल्या हाताला कोणी धक्का लावू नये, म्हणून तो तेथे उभा असतो. पहारेकरी रात्रंदिवस ओरडू लागला तर त्याला शांत करावे, पण हाकलून देऊ नये.

अखेरचे दिवस

लुईस यांनी आपले वेदनाविषयक संशोधन १९४२ साली एका पुस्तकात एकत्र केले. त्या वेळी लंडनवर युद्धाची छाया होती आणि त्यांची प्रकृतीही ढासळली होती. या पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी कबूल केले आहे की वेदनेची समाधानकारक व्याख्या आपल्याला करता येत नाही. ती प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते, एवढेच. इतकी वर्षे स्वतःच्या हाताला दुखवून घेणाऱ्या माणसाची ही कबुली आहे. आपल्याकडे ज्याचे जळते त्याला कळते असे म्हणतात, ते काही निराळे नाही.

१९४१ साली त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. हृदयविकार मात्र सुटला नाही. १७ मार्च १९४५ रोजी, युरोपातील युद्ध संपायला जेमतेम दोन महिने असताना, लंडनजवळच्या आपल्या घरी त्यांनी देह ठेवला. त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. ज्या अवयवाच्या अभ्यासाने त्यांना कीर्ती दिली, त्याच अवयवाने त्यांचा घास घेतला.

काय घ्यावे?

लुईस यांच्या चरित्रातून दोन गोष्टी आम्हाला घेण्यासारख्या वाटतात. पहिली शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी. लुईस यांची मोठी कल्पना चुकली, पण त्यांनी प्रयोग इतके नीट लिहून ठेवले होते की पुढच्यांना त्यातूनच खरा मार्ग सापडला. विद्यार्थ्याचे उत्तर चुकले तरी रीत लिहिलेली असेल तर चूक कोठे झाली ते दाखवता येते, आणि म्हणून आम्ही वर्गात रीत लिहायला सांगतो.

दुसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी. घरातील आजीला गुडघ्यावर चादरीचा भार सोसत नाही, भाजलेल्या पोराला कपडा बदलताना रडू आवरत नाही, शस्त्रक्रिया होऊन महिने लोटले तरी एखाद्याला व्रणाला हात लावू द्यावासा वाटत नाही. अशा वेळी आपण पटकन म्हणतो की एवढ्यात काय होते, उगाच नखरे आहेत. जखम एवढीशी आणि ओरड एवढी, असा आपला हिशेब असतो. लुईस यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी दाखवून दिले की हा हिशेबच चुकीचा आहे. स्पर्श तोच असला तरी तो घेणारा तंतू तोच राहिलेला नसतो. त्याच्या झडपा खरोखरच ढिल्या झालेल्या असतात. वेदना डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

तेव्हा वाचकहो, यापुढे घरात कोणी हुळहुळ्या जागेला हात लावू नका असे म्हणाले, तर हात मागे घ्यावा आणि त्या माणसावर विश्वास ठेवावा. आणि दुखणे लांबले, तर सहन कर असे सांगत न बसता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.